रूपर्ट ब्रूक : पाच सुनीते आणि एक अपुरी कविता

मे १९१५ मध्ये लंडनच्या सिजविक अँड जॅक्सन या प्रकाशकांनी एक पातळसे पुस्तक बाजारात आणले. गडद निळ्या कापडाची बांधणी, पाठीवर डकवलेली नावाची कागदी पट्टी, आणि उघडताच समोर एका देखण्या तरुणाचे छायाचित्र. पुस्तकाचे नाव '१९१४ अँड अदर पोएम्स'. पहिल्या खेपेला प्रती छापल्या एक हजार. कवीला मात्र आपले पुस्तक पाहायला मिळाले नाही. तो २३ एप्रिललाच वारला होता. वय सत्तावीस, हुद्दा सब-लेफ्टनंट, खाते ब्रिटिश नौदल, नाव रूपर्ट ब्रूक.

त्या पहिल्या हजारांतली एखादी प्रत आज कुठे निघाली, तर जुन्या पुस्तकांचे शौकीन तिच्यामागे धावतात. पुढच्या छपाईच्या प्रती मात्र मुबलक आहेत, कारण हे पुस्तक त्याच वर्षी आणखी अकरा वेळा छापावे लागले आणि जून १९१८ पर्यंत त्याची चोविसावी छपाई झाली. कवितेचे पुस्तक तीन वर्षांत चोवीस वेळा! आपल्याकडच्या एखाद्या प्रकाशकाला ही गोष्ट सांगितली, तर तो आपल्याला चहा पाजून सावकाश घरी पाठवील.

या स्मरणिकेत दरवर्षी आपल्या माणसांची चरित्रे येतात, आणि ती यावीतच. यंदा आम्ही एका परक्याची ओळख करून देण्याचे धाडस करतो आहोत. आम्ही डिप्लोमावाले. इंग्रजी कविता आमच्या वाट्याला आली ती शाळेपुरती, पुढची सगळी ओळख हौसेची. ज्या वाचकांनी बी.ए.ला इंग्रजी घेतले होते त्यांना ब्रूक आठवत असेल तो बहुधा एका चौदा ओळींच्या कवितेमुळे आणि 'देशभक्त कवी' या शिक्क्यासह. हा शिक्का त्याच्यावर कसा बसला आणि तो बसत असताना तो स्वतः कुठे पोहोचला होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

रूपर्टचा जन्म ३ ऑगस्ट १८८७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी या गावी झाला. ज्या शाळेच्या मैदानावरून रग्बी या खेळाला नाव मिळाले, त्याच शाळेत त्याचे वडील शिक्षक होते. पुढे ते तिथल्या एका वसतिगृहाचे प्रमुख झाले. घर म्हणजे वसतिगृह आणि वसतिगृह म्हणजे घर, असे रूपर्टचे बालपण गेले. तीन भावांत तो मधला. आई करारी, शिस्तीची. वडील शांत, घरात आईचाच शब्द चाले. शाळेत असतानाच त्याला कवितेचे बक्षीस मिळाले. क्रिकेट आणि फुटबॉलही तो बरा खेळे. १९०६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. पुढच्याच जानेवारीत थोरला भाऊ न्यूमोनियाने गेला, आणि १९१० च्या जानेवारीत वडीलही गेले. मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून एक टर्मभर रूपर्टनेच वसतिगृह सांभाळले, आणि मग घराची जागा सोडावी लागली. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या वाचकांना ही शेवटची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

केंब्रिजमध्ये त्याचे नाव झाले ते आधी रूपामुळे. येट्ससारख्या थोर कवीनेही त्याच्या देखणेपणाची तारीफ केली, एका मैत्रिणीने तर त्याला ग्रीक देवाची उपमा देऊन कविताच लिहिली. हे कौतुक त्याच्या पुढच्या आयुष्याला चिकटून राहिले आणि आमच्या मते त्याला ते भोवलेही. पण तो नुसता देखणा नव्हता. नाटके बसवणाऱ्या मंडळींत तो पुढे होता. फेबियन सोसायटी या समाजवादी विचारांच्या संस्थेच्या केंब्रिज शाखेचा तो अध्यक्ष झाला. १९१० च्या उन्हाळ्यात एका मित्राला घेऊन तो घोडागाडीतून दक्षिण इंग्लंडच्या गावागावांतून फिरला आणि गोरगरिबांसाठीचा कायदा कसा सुधारला पाहिजे यावर चौकाचौकांत भाषणे देत सुटला. पुढे युद्धाचा कवी म्हणून मिरवला गेलेला हा माणूस तेव्हा शाकाहारी होता, अनवाणी हिंडत होता आणि नदीत पोहत होता. पदवी परीक्षेत दुसरा वर्ग मिळाल्यावर तो शहर सोडून जवळच्या ग्रँटचेस्टर या खेड्यात राहायला गेला. तिथल्या जुन्या घरात बसून त्याने एलिझाबेथच्या काळातला नाटककार जॉन वेब्स्टर याच्यावर प्रबंध लिहिला, आणि त्यावर १९१३ मध्ये किंग्ज कॉलेजची फेलोशिप मिळवली.

पहिला संग्रह डिसेंबर १९११ मध्ये निघाला. त्यातल्या काही कविता टीकाकारांना ओंगळ वाटल्या. बोटीत लागणाऱ्या उलट्यांवरही यात कविता आहे, हे सांगितले म्हणजे कल्पना येईल. पुस्तक निघाले आणि महिनाभरातच त्याचे मन कोलमडले. प्रेमातला संशय, मत्सर, अपुरी झोप, प्रबंधाचा ताण, सगळे एकदम अंगावर आले. डॉक्टरांनी भरपूर खाणे आणि विश्रांती असा उपचार सांगितला. त्या आजारातून तो शरीराने सावरला, पण ज्या मित्रमंडळींत तो वाढला होता त्यांच्यातल्या अनेकांवरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच. आपण कुठेतरी मळलो आहोत, आणि हा मळ धुऊन निघाला पाहिजे, अशी एक भावना त्याच्या मनात या काळात घर करून बसली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

याच आजारपणाच्या वर्षी, मे १९१२ मध्ये, तो बर्लिनला एका मित्राकडे गेला असताना तिथल्या कॅफेत बसून त्याने ग्रँटचेस्टरवर एक लांबलचक कविता लिहिली. घरची ओढ, खेड्याची थट्टा आणि चहाच्या वेळेची आठवण यांची ती मजेदार मिसळ आहे. इंग्लंडच्या खेड्यावरची इतकी गाजलेली कविता जर्मनीच्या राजधानीत, जर्मन लोकांच्या घोळक्यात बसून लिहिली गेली. दोनच वर्षांनी हे दोन्ही देश एकमेकांच्या उरावर बसणार होते.

या सुमारास त्याच्या आयुष्यात एडवर्ड मार्श नावाचा गृहस्थ आला. हा विन्स्टन चर्चिल यांचा खाजगी सचिव. चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री होते. मार्श दिवसा फायली हलवी आणि संध्याकाळी कवी व चित्रकार गोळा करी. सरकारी नोकरीत राहून असा छंद निष्ठेने जोपासणारी माणसे आमच्या विशेष आवडीची आहेत. ब्रूक आणि मार्श यांच्या गप्पांतूनच 'जॉर्जियन पोएट्री' हा नव्या कवींचा संग्रह १९१२ अखेर निघाला आणि चांगला खपला.

मे १९१३ मध्ये ब्रूक एका वर्तमानपत्रासाठी प्रवासलेख लिहायचे ठरवून अमेरिकेला गेला. कॅनडा ओलांडून पॅसिफिक महासागरात उतरला, हवाई, सामोआ, फिजी, न्यूझीलंड असे करत करत ताहितीला पोहोचला. तिथे तो काही महिने राहिला. तिथल्या एका स्त्रीवर त्याचा जीव जडला. पोवळ्याच्या खडकाने पायाला झालेली जखम चिघळून तो तिथेच आजारी पडला, तेव्हा तिनेच त्याची सेवा केली. त्याच्या सर्वांत मोकळ्या, सर्वांत आनंदी कविता या बेटांवरच्या आहेत. माशांनी आपल्या स्वर्गाची कल्पना कशी केली असेल, यावर त्याने लिहिलेली विनोदी कविता वाचून एखाद्या कीर्तनकारालाही हसू आवरणार नाही.

जून १९१४ मध्ये तो इंग्लंडला परतला. ३ ऑगस्टला सत्ताविसावा वाढदिवस झाला, आणि दुसऱ्याच दिवशी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले.

काय करावे हे त्याला काही आठवडे कळेना. जर्मनीत तो राहिलेला, तिथे त्याचे स्नेही होते. शेवटी मार्शने शब्द टाकला आणि सप्टेंबरात ब्रूकला रॉयल नेव्हल डिव्हिजनमध्ये सब-लेफ्टनंटची नेमणूक मिळाली. वशिला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्याबरोबर त्याचा संगीतकार मित्र डेनिस ब्राऊन यालाही जागा मिळाली.

ही नेव्हल डिव्हिजन म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. युद्ध सुरू होताच नौदलाने राखीव खलाशी बोलावले, आणि सगळ्यांना पुरतील इतकी जहाजे नाहीत असे ध्यानात आले. तेव्हा चर्चिल यांनी या जास्तीच्या माणसांच्या पायदळ पलटणी केल्या. हजेरीपट नौदलाचा, हुद्दे नौदलाचे, काम मात्र खंदकात बंदूक चालवण्याचे. आपल्या भाषेत बोलायचे तर कायमची प्रतिनियुक्ती. पलटणींना नावे दिली ती जुन्या दर्यासारंगांची: नेल्सन, ड्रेक, हूड, अ‍ॅन्सन. समुद्रापासून दूर डोंगरमाळावरच्या छावणीतून बाहेर जायची रजा मागतानाही हे लोक किनाऱ्यावर जायची परवानगी मागत. ब्रूकला प्रवासापुरती जहाजे मिळाली, पण जहाजावर लढायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात पुरते शिक्षणही न झालेली ही डिव्हिजन बेल्जियमच्या अँटवर्प शहराच्या बचावाला पाठवली गेली. शहर वाचण्यासारखे उरलेच नव्हते. अ‍ॅन्सन पलटणीने थोडा वेळ खंदक धरला, तोफांचा मारा सोसला, आणि ८ तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला. नदीकाठचे तेलाचे साठे पेटले होते. त्या उजेडात शिपायांच्या बरोबरीने हजारो बेल्जियन माणसे रस्त्याने चालली होती: हातगाड्यांवर गाद्या, म्हातारे, कडेवर पोरे. डिव्हिजनचे सुमारे दीड हजार लोक हॉलंडच्या हद्दीत गेले आणि तिथे युद्ध संपेपर्यंत अडकले. ब्रूक सुखरूप परतला. त्याने पाहिलेली प्रत्यक्ष लढाई एवढीच.

तथापि त्या रस्त्याने त्याच्यावर खोल परिणाम केला. निर्वासितांचे ते तांडे पाहून, युद्धात आपण का आहोत हा प्रश्न त्याच्यापुरता सुटला. नोव्हेंबर-डिसेंबरात डॉर्सेट परगण्यातल्या ब्लँडफर्डच्या चिखलाने भरलेल्या छावणीत, आणि नाताळच्या रजेत रग्बीला आईकडे, त्याने पाच सुनीते पूर्ण केली. सुनीत हा चौदा ओळींचा प्रकार मराठीत आणला तो केशवसुतांनी, आपल्या जवळच्या हुबळीला १९०५ साली प्लेगने गेलेल्या कवीने. ब्रूकच्या पाच सुनीतांची नावे साधी आहेत, एक शांतीवर, एक सुरक्षिततेवर, दोन मृतांवर आणि शेवटचे शिपायावर. परदेशी मातीत आपण पुरले गेलो तर तेवढी माती कायमची आपल्या देशाची होईल, ही शेवटच्याची कल्पना.

हे सगळे त्याने मनापासून लिहिले, यात आम्हांला शंका नाही. पण ही सुनीते नीट वाचली तर त्यांत शत्रू जवळजवळ नाहीच, रक्त नाही, अँटवर्पचा तो रस्ताही नाही. आहे ती धुऊन निघण्याची भावना. १९१२ पासून जो मळ त्याला टोचत होता, तो या युद्धाने एका झटक्यात जाईल असे त्याला वाटले. स्वतःच्या मनाची गाठ सोडवायला त्याने देशाचे युद्ध वापरले, असे आम्ही म्हणतो. आमच्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, चोविसाव्या छपाईपर्यंत लोकांनी पुस्तक घेतले ते त्यांच्या मनातही तीच गाठ होती म्हणून. तेही खरे असेल.

सुनीते प्रथम छापली गेली ती कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. ग्लॉस्टरशायरमधल्या डिमॉक गावाच्या आसपास राहणारे दोनतीन कवी आणि ब्रूक अशा चौघांनी मिळून 'न्यू नंबर्स' नावाचे त्रैमासिक काढले होते. लॅसेल्स अ‍ॅबरक्रॉम्बी, विल्फ्रिड गिब्सन, जॉन ड्रिंकवॉटर आणि हा. वर्गणीदारांना अंक पाठवायचे काम घरच्या घरीच चाले. अवघे चार अंक निघाले. डिसेंबर १९१४ ची तारीख असलेला चौथा अंक उशिराने १९१५ मध्ये बाहेर पडला, आणि त्यात ही पाच सुनीते होती. त्यानंतर त्रैमासिक बंद पडले. आपल्याकडच्या लहान मासिकांचे जे होते तेच त्याचेही झाले, फक्त शेवटच्या अंकाने एका माणसाला जगप्रसिद्ध केले.

ब्रूक आता हूड पलटणीत होता. फेब्रुवारी १९१५ च्या शेवटी 'ग्रँटली कॅसल' हे जहाज या पलटणीला घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाले. तुर्कांची दार्दानेल्सची सामुद्रधुनी जिंकून कॉन्स्टँटिनोपल गाठायचे, असा बेत होता. जहाजावरच्या एका मेजाभोवती ब्रूकचे मित्र बसत: संगीतकार डेनिस ब्राऊन, पियानोवादक आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळवलेला एफ. एस. केली, पंतप्रधानांचा मुलगा आर्थर अ‍ॅस्क्विथ, ग्रीक-लॅटिनचे पंडित पॅट्रिक शॉ-स्टुअर्ट आणि चार्ल्स लिस्टर, आणि पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल झालेला बर्नर्ड फ्रायबर्ग. ग्रीक काव्य तोंडपाठ असलेली ही पोरे ट्रॉयच्या दिशेने चालली होती, आणि त्यांना त्याचा आनंद लपवता येत नव्हता.

एप्रिलच्या आरंभी इजिप्तमधल्या पोर्ट सैदला ब्रूकला ऊन लागले आणि हगवण झाली. मोहिमेचे सेनापती सर इयन हॅमिल्टन त्याला भेटायला आले आणि आपल्या कचेरीत सुरक्षित जागा देऊ केली. त्याने ती नाकारली. आपल्या तुकडीबरोबरच उतरायचे, असे त्याने ठरवले होते. नोकरी मिळवताना वशिला चालला, पण जीव वाचवताना त्याने तो चालू दिला नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

तिकडे लंडनमध्ये ४ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन इंज यांनी प्रवचनात शिपायावरचे सुनीत वाचून दाखवले. वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या उंचीला हा कवी पोहोचत नाही, अशी डीनसाहेबांची पुस्ती होती. बातमी ब्रूकला जहाजावर कळली, आणि यशयापेक्षा आपल्याला खालची जागा मिळाल्याबद्दल त्याने थट्टेने हळहळ व्यक्त केली.

१७ एप्रिलला जहाज ग्रीसच्या स्कायरॉस बेटापाशी आले. ग्रीक पुराणात अकिलिसला युद्धापासून वाचवण्यासाठी त्याच्या आईने मुलीच्या वेषात जिथे लपवले होते, तेच हे बेट. २० तारखेला पलटणीची बेटावर कवायत झाली, आणि दमलेला ब्रूक मित्रांबरोबर ऑलिव्हच्या झाडांखाली विसावला. ती जागा त्याला फार आवडली. रात्री ओठ सुजून आला. डास चावल्याचे निमित्त, त्यातून रक्तात विष भिनले. शरीर ताहितीपासून आणि पोर्ट सैदपासून पोखरलेलेच होते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून तेरा वर्षे होती. २२ तारखेला त्याला जवळच नांगरलेल्या 'द्युगे-त्रुएं' या फ्रेंच रुग्णालय जहाजावर हलवले. तिथे तो एकटाच रुग्ण होता, आणि डॉक्टरांचा सारा ताफा त्याच्याभोवती होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेपाचच्या सुमारास, डेनिस ब्राऊन उशाशी बसलेला असताना, तो गेला. तारीख २३ एप्रिल, इंग्लंडचा संत जॉर्ज याचा आणि शेक्सपियरचा दिवस.

पहाटे जहाजे गॅलिपोलीकडे निघायची होती, तेव्हा दफन त्याच रात्री करणे भाग होते. अ‍ॅस्क्विथने डाग द्यायच्या लोखंडी सळीने शवपेटीवर नाव आणि तारीख कोरली. कंदील घेतलेली माणसे वाटेवर उभी केली होती. खडकाळ ओढ्यातून वर मैलभर पेटी वाहून न्यायला पेटी अधिकाऱ्यांना जवळजवळ दोन तास लागले. तीन दिवसांपूर्वी तो जिथे विसावला होता त्याच ऑलिव्हच्या झाडांत खड्डा खणला होता. रात्री अकराच्या सुमारास दफन झाले. शॉ-स्टुअर्टच्या हुकमावर तीन फैरी झडल्या. सगळे परतले तरी पाच मित्र मागे राहिले, आणि अंधारात संगमरवराचे दगड गोळा करून त्यांनी थडग्यावर रचले. सकाळी जहाज सुटले.

२५ तारखेला गॅलिपोलीवर सैन्य उतरले. २६ तारखेच्या 'टाइम्स'मध्ये चर्चिल यांच्या नावाने ब्रूकवरचा मृत्युलेख आला. आता त्याच्यावर त्याच्या मित्रांचाही हक्क उरला नाही. समाजवादावर चौकात भाषणे देणारा, माशांच्या स्वर्गावर हसणारा, संशयाने पोळलेला माणूस बाजूला पडला, आणि त्या छायाचित्रातला तरुण लाखो आयांच्या मुलांचा नमुना झाला. ते निळे पुस्तक घरोघरी गेले. पुस्तकाचा मोठा भाग 'इतर कवितां'चा होता, पण लोकांनी वाचली ती पहिली पाच पाने.

विरोध तेव्हाही झाला. चार्ल्स सॉर्ली हा एकोणीस वर्षांचा कवी स्वतः सैन्यात होता. ब्रूकने आपल्या बलिदानाचे स्तोम माजवले, असे त्याने त्याच एप्रिल महिन्यात घरी कळवले. सहा महिन्यांत तोही लूसच्या लढाईत पडला. पुढे सॅसून आणि ओवेन यांनी चिखल, विषारी वायू आणि सडलेली प्रेते कवितेत आणली, आणि ब्रूकची सुनीते शोभेची वाटू लागली. ब्रूक सुनीते लिहीत होता त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या बेळगावला आज ज्यांचे केंद्र आहे त्या मराठा पलटणींचे शिपाई पुणे डिव्हिजनबरोबर बसऱ्याला उतरले होते, आणि त्यांतल्या अनेकांच्या नशिबी कुटचा वेढा आणि तिथली उपासमार होती. ती हकीकत ज्यांनी आपल्या पणजोबांकडून घराण्यात ऐकली आहे, त्यांना युद्ध म्हणजे न्हाऊन निघणे ही कल्पना पटणे अवघड आहे. आम्हांलाही पटत नाही.

पण ब्रूक स्वतः तिथेच थांबला होता का? जहाजावर असताना, मरणाआधी काही दिवस, त्याने एक कविता लिहायला घेतली होती. ती अपुरीच राहिली आणि निळ्या पुस्तकात नव्हती. १९१८ मध्ये मार्शने लिहिलेल्या आठवणींत ती छापली गेली. रात्री डेकवर तो एकटा हिंडतो आहे. खिडकीतून त्याला दिव्याच्या उजेडात बसलेले मित्र दिसतात, पत्ते खेळणारे, बोलणारे. त्यांना तो दिसत नाही. त्यांच्या धडधाकट देहांकडे पाहताना त्याला वाटते, ही सगळी माणसे आता लवकरच फुटून जाणार आहेत, सावल्यांसारखी विरणार आहेत. इथे देश नाही, कीर्ती नाही, धुऊन निघणे नाही. फक्त ओळखीचे चेहरे आणि भीती आहे. आमच्या मते ब्रूकची खरी युद्धकविता हीच, आणि ती पुरी व्हायला त्याला वेळ मिळाला नाही.

खिडकीतून दिसलेल्या त्या मेजाचे पुढे काय झाले? डेनिस ब्राऊन सहा आठवड्यांत, ४ जूनला, गॅलिपोलीत मारला गेला. लिस्टर ऑगस्टमध्ये जखमांनी गेला. केलीने ब्रूकच्या स्मरणार्थ तंतुवाद्यांसाठी शोकसंगीत रचले, आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये तोही पडला. शॉ-स्टुअर्ट डिसेंबर १९१७ मध्ये. अ‍ॅस्क्विथ पाय गमावून परतला. फ्रायबर्ग अनेक जखमा अंगावर घेऊन दीर्घायुषी झाला.

आपल्या बालकवींचा जन्म १८९०चा. भादलीच्या रेल्वे रुळांवर त्यांचा अंत झाला तो मे १९१८ मध्ये, म्हणजे तेही सत्तावीस वर्षांचेच. अकाली गेलेल्या कवीच्या कवितेभोवती त्याच्या मरणाची गोष्ट कशी चिकटते, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. बालकवींची निदान 'निसर्गकवी' म्हणूनच ओळख राहिली, सरकारला त्यांचा काही उपयोग नव्हता.

रूपर्टच्या आईचे काय? धाकटा मुलगा आल्फ्रेड रूपर्टच्या पाठोपाठ, १४ जून १९१५ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला. आठ वर्षांत नवरा आणि तिन्ही मुलगे गेले. मार्शने लिहिलेले चरित्र त्या बाईंना पसंत नव्हते. आपला मुलगा त्यात दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. या वादात ते तीन वर्षे रखडले. १९३० मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांनी मुलाची कागदपत्रे मार्शकडे न सोपवता दुसऱ्या विश्वस्तांच्या हवाली केली. मुलाची मूर्ती घडवली जात असताना, हा माझा मुलगा नव्हे म्हणून अडून बसलेली ही एकटी बाई आम्हांला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोठी वाटते.

पुस्तकाचा पैसा मात्र चांगल्या कामी लागला. जहाजावर असतानाच ब्रूकने लिहून ठेवले होते की आपल्या कवितांचे उत्पन्न अ‍ॅबरक्रॉम्बी, गिब्सन आणि वॉल्टर डी ला मेअर या तीन कवींना सारखे वाटून द्यावे. तिघेही संसारी आणि ओढग्रस्तीतले. त्यांना पोटापाण्याची फिकीर न करता लिहिता यावे, एवढाच हेतू. पुस्तक चोवीस वेळा छापले जाईल हे त्याला कुठून ठाऊक असणार! त्या तीन घरांच्या चुली या पैशाने पुढे कित्येक वर्षे पेटत्या राहिल्या.

स्कायरॉसवर आज जे संगमरवरी थडगे आहे, ते युद्धानंतर आईनेच बांधवून घेतले. त्या रात्री मित्रांनी रोवलेला लाकडी क्रूस मग रग्बीला आणून घरच्या मंडळींच्या थडग्यांपाशी उभा केला. त्याच्या मागच्या बाजूला पलटणीच्या ग्रीक दुभाष्याने आपल्या भाषेत पेन्सिलीने मजकूर लिहिला होता. हा इंग्रजी नौदलाचा सब-लेफ्टनंट कॉन्स्टँटिनोपल तुर्कांपासून सोडवण्यासाठी मेला, असा त्याचा आशय. तो कवी होता याचा त्यात उल्लेख नव्हता.